साठ पत्त्यांचा हिशेब आणि दोन बरोबऱ्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमच्या एका मध्यम आकाराच्या स्पर्धेचे आहे. काळ 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा. ‘स्टेलर क्राउन’ हा संच नुकताच वापरात आला होता, ‘सर्जिंग स्पार्क्स’ यायचा होता. स्टँडर्ड प्रकारात, म्हणजे फक्त अलीकडचे पत्ते चालणाऱ्या स्पर्धाप्रकारात, तेव्हा एफ, जी आणि एच खुणेचे पत्ते चालत (पत्ता कोणत्या काळातला हे सांगणारे अक्षर त्यावर छापलेले असते). खेळाडूची ओळख पुसली आहे, स्पर्धेचे ठिकाण वगळले आहे. मी तिच्या सरावगटातला. यादीवरच्या चर्चांना हजर होतो, स्पर्धेच्या दिवशी टेबलाशेजारी होतो.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. डेक बरोबर 60 पत्त्यांचा असतो, एकही कमी-जास्त चालत नाही. मूलभूत एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचे पत्ते) सोडली तर एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. सुरुवातीला सहा पत्ते प्राइज म्हणून पालथे बाजूला जातात. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातला एक उचलायचा, ‘ईएक्स’ किंवा ‘व्हीस्टार’ या जास्त ताकदीच्या प्रकारांतला बाद केला तर दोन. सहाही आधी उचलेल तो जिंकला. स्विस फेऱ्यांत (हरल्यावरही बाद न होता सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येतात) विजयाचे 3 गुण, बरोबरीचा 1, पराभवाचे 0. प्रत्येक फेरी तीन डावांतली सरशी, वेळ 50 मिनिटे.

एक नियम मात्र लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. इथे साइडबोर्ड नसतो. मॅजिक किंवा यु-गि-ओमध्ये पहिल्या डावानंतर बाजूच्या 15 पत्त्यांतून डेक समोरच्याला साजेसा करून घेता येतो. पोकेमॉनमध्ये सकाळी यादी दिली की तेच साठ पत्ते दिवसभर. एखाद्या प्रतिस्पर्ध्यासाठी खास पत्ता घातला तर बाकीच्या सर्व फेऱ्यांतही तो हातात येणार.

अडचण

ती चारिझार्ड ईएक्स वर्षभर खेळत होती. ऑगस्ट 2023 च्या ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’मधला हा पत्ता सगळ्यांच्या ओळखीचा: 330 एचपी (एवढे नुकसान झाले की बाद), हातातून उत्क्रांत केला की डेकमधून तीन फायर एनर्जी जोडतो, आणि हल्ल्याचे नुकसान 180 अधिक समोरच्याने घेतलेल्या दर प्राइजमागे 30. सोबत पिजिऑट ईएक्स, जो दर चालीला डेकमधला हवा तो एक पत्ता शोधून देतो. मागे पडलेल्या डावात हा डेक जोर धरतो, म्हणून तो तिला आवडायचा.

पण मेटा, म्हणजे स्पर्धांत कोणते डेक चालतात याचे चित्र, सरकला होता. रेजिड्रॅगो व्हीस्टार जागोजागी दिसू लागला होता. टाकलेल्या पत्त्यांतल्या ड्रॅगनांचे हल्ले तो उसने घेतो आणि त्याला 280 एचपी आहेत. चारिझार्डला एका फटक्यात 280 गाठायचे तर समोरच्याने आधी चार प्राइज घेतलेले असायला हवेत. तोवर डाव बहुधा हातचा गेलेला असतो. तिची जुनी यादी, म्हणजे बिबॅरेलची जोड असलेला चारिझार्ड-पिजिऑट, सरावात या डेकपुढे वारंवार अडखळत होती.

म्हणजे प्रश्न दोन होते: डेक बदलायचा का, आणि नाही बदलला तर साठांतले काय बदलायचे. तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तो पुढे येईल.

समोरचे पर्याय

रेजिड्रॅगोच उचलावा, हा पहिला विचार. सर्वांना छळणारा डेक आपणच का खेळू नये? पण तो वरवर दिसतो तितका सरळ नाही. कोणत्या चालीला कोणता ड्रॅगन टाकलेल्या ढिगात हवा, हे दोन चाली आधी ठरवावे लागते आणि त्यासाठी अंगवळणी पडलेला हात लागतो. तिच्याकडे सरावाला थोडेच दिवस होते. शिवाय जो डेक सर्वाधिक खेळला जातो त्याच्यासाठीच सगळे तयारी करून येतात, हेही होतेच.

दुसरा पर्याय रेजिंग बोल्ट ईएक्स. एनर्जी गोळा करा, टाका, दर एनर्जीमागे 70 नुकसान. पाच एनर्जी टाकल्या की 350, म्हणजे चारिझार्डही एका घावात आडवा. डाव भराभर संपतात. गटातल्या एकाने हा पर्याय लावून धरला होता, पण त्याचे कारण वेग नव्हते. त्याला तो डेक सोपा वाटत होता, एवढेच. तिने सोपेपणाला फारशी किंमत दिली नाही आणि विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय चारिझार्डच ठेवून बिबॅरेलच्या जागी डस्कनॉइर आणण्याचा. ऑगस्ट 2024 च्या ‘श्राउडेड फेबल’मधला डस्कनॉइर स्वतःला बाद करून समोरच्या कोणत्याही पोकेमॉनवर 13 डॅमेज काउंटर ठेवतो, म्हणजे 130. स्वतः बाद झाल्याने समोरच्याला एक प्राइज मिळतो, आणि नेमके त्यामुळे चारिझार्डचे नुकसान 180 वरून 210 होते. 130 आणि 210 मिळून 340. रेजिड्रॅगोचे 280 केव्हाच पार. एक प्राइज देऊन दोन घ्यायचे, असा हा सौदा.

तिने तिसरा पर्याय घेतला. माझ्या मते डेक म्हणून निवड बरोबरच होती: सांगाडा ओळखीचा आणि दुखऱ्या जागेवर नेमके औषध.

यादीची घडण

बदल कागदावर सुटसुटीत दिसत होता. दोन बिडूफ आणि दोन बिबॅरेल काढले, दोन डस्कल, एक डस्क्लॉप्स आणि एक डस्कनॉइर (एकाच घराण्याच्या चढत्या पायऱ्या) घातले. चार गेले, चार आले.

सरावात कळले की खरी किंमत जागांची नव्हती, रेअर कँडीची होती. रेअर कँडी बेसिक पोकेमॉनला मधली पायरी गाळून थेट स्टेज 2 वर नेते. जुन्या यादीत चार कँडी दोन घराण्यांत वाटल्या जात: चारिझार्ड आणि पिजिऑट. आता तिसरे घराणे त्याच चार पत्त्यांवर हक्क सांगू लागले. बिबॅरेल स्टेज 1 असल्याने त्याला कँडी लागतच नव्हती, वर तो हात पाच पत्त्यांपर्यंत भरून द्यायचा. त्यामुळे नवी यादी पहिल्या दोन चालींत जुनीपेक्षा कोरडी पडू लागली. उपाय म्हणून तिने डस्कनॉइरला हळू मार्गाने, डस्क्लॉप्सवरून नेण्याची सवय लावून घेतली. अडल्या वेळी डस्क्लॉप्सही स्वतःला बाद करून पाच काउंटर ठेवतो, त्यामुळे तो केवळ वाटेतला थांबा राहत नाही. कँडी आधी पिजिऑटला, मग चारिझार्डला, असा क्रम तिने ठरवला. हा क्रम मला या सगळ्या घडणीतला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो, आणि तो यादीत कुठेच दिसत नाही.

मग दुसऱ्या डस्कनॉइरचा वाद आला. एकच प्रत असलेला पत्ता प्राइजमध्ये अडकण्याची शक्यता 60 पैकी 6, म्हणजे 10 टक्के. दोन प्रती ठेवल्या तर दोन्ही अडकण्याची शक्यता 0.85 टक्क्यांवर येते. ऐकायला छान. पण जागा कुठून आणायची? सुचवणाऱ्याचे म्हणणे होते, चारपैकी एक बडी-बडी पॉफिन काढ. पॉफिन डेकमधून 70 किंवा कमी एचपीचे दोन बेसिक थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, आणते. चारिझार्ड, पिजिऑट आणि डस्कनॉइर यांची बेसिक रूपे, म्हणजे चारमँडर, पिजी, डस्कल, सगळे त्याच गटातले.

तिने कागद घेऊन हिशेब मांडला. सुरुवातीचे सात आणि पहिल्या चालीचा एक, अशा आठ पत्त्यांत चार पॉफिन आणि चार अल्ट्रा बॉल (हाही डेकमधून पोकेमॉन शोधणारा पत्ता) यांपैकी किमान एक असण्याची शक्यता, मलिगनचा (हातात बेसिक नसल्यास पत्ते पुन्हा घेण्याचा) परिणाम बाजूला ठेवून, 70.6 टक्के येते. पॉफिन तीनच ठेवल्या तर 65.4. म्हणजे जवळपास वीस डावांत एक डाव सुरुवातीलाच जास्तीचा फसणार, आणि तो कोणत्याही प्रतिस्पर्ध्यासमोर. उलट दुसरा डस्कनॉइर उपयोगी पडणार तो फक्त त्या डावांत, जिथे डस्कनॉइर हवाही आहे आणि पहिला प्राइजमध्ये अडकलाही आहे. पॉफिन चारच राहिल्या. ‘पण एखाद्या डावात नेमका तोच अडकला तर?’ हा आक्षेप गटात बराच वेळ घुमत राहिला. तसे होणार, दहात एकदा होणार. तेवढे हरायची तयारी ठेवूनच यादी करावी लागते.

शेवटची जागा मनाफी की ब्रायर, यावर आदल्या रात्रीपर्यंत घोळ चालला. ब्रायर हा स्टेलर क्राउनमधला सपोर्टर, म्हणजे चालीला एकच खेळता येणारा मदतीचा पत्ता. समोरच्याचे बरोबर दोन प्राइज उरले असतील तेव्हाच तो खेळता येतो, आणि त्या चालीत आपल्या टेरा पोकेमॉनने समोरच्या अ‍ॅक्टिव्हला (पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला) हल्ल्याने बाद केले तर एक प्राइज जास्त मिळतो. चारिझार्ड टेरा या खास प्रकारातला आहे, आणि डस्कनॉइरच्या आत्मघाताने समोरच्याचे प्राइज आपल्याला हवे तसे दोनवर आणता येतात. जोडी मोहात पाडणारी खरी.

मनाफी त्यापुढे अगदीच साधा: बेंचवरच्या पोकेमॉनना हल्ल्यांचे नुकसान होऊ देत नाही. रेजिड्रॅगोविरुद्ध त्याचे काम अर्धेच. रेजिड्रॅगोने ड्रॅगापल्टचा फँटम डाइव्ह उसना घेतला तर बेंचवर सहा काउंटर ठेवले जातात. ते हल्ल्याचे नुकसान धरत नाहीत, म्हणून मनाफी त्यांना अडवत नाही. पण क्युरेमचा ट्रायफ्रॉस्ट उसना घेतला तर तीन पोकेमॉनना प्रत्येकी 110 नुकसान होते. सुरुवातीच्या चालींत आपल्या बेंचवर साठ-सत्तर एचपीची पिल्लेच असतात, त्यामुळे एका हल्ल्यात तीन प्राइज जाऊ शकतात. ते मनाफी थांबवतो.

तिने मनाफी ठेवला. ब्रायर जिंकत आलेला डाव लवकर संपवतो, मनाफी हरलेला डाव हरू देत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. लुगिया व्हीस्टारसाठी मात्र तिने मुद्दाम काहीच घातले नाही. त्या डेकमधला सिंचिनो एकाच प्राइजचा असून पाच विशेष एनर्जींवर 350 मारतो. दोन प्राइजचा चारिझार्ड त्याच्याशी देवाणघेवाण करत बसला तर तोट्यातच जातो. त्यावर दोन पत्त्यांनी भागणार नव्हते, म्हणून तो सामना तिने सोडून दिला. असे उघडपणे ‘यांच्यापुढे आपण हरू’ म्हणणारे खेळाडू मी फार थोडे पाहिले आहेत.

अंतिम यादीत एकेक प्रत असलेले पत्ते अकरा होते: चारमेलियन, डस्क्लॉप्स, डस्कनॉइर, मनाफी, रोटॉम व्ही, ल्युमिनियन व्ही, फेझांडिपिटी ईएक्स, सुपर रॉड, फॉरेस्ट सील स्टोन, डिफायन्स बँड आणि प्राइम कॅचर. यातला प्राइम कॅचर एस स्पेक असल्याने एकच ठेवता येतो, बाकी दहांची निवड तिची. प्रत्येकाच्या बाजूने सबळ कारण होते. एकत्र धरले तर चित्र वेगळे दिसते. अकरांपैकी किमान एक तरी प्राइजमध्ये अडकण्याची शक्यता 72 टक्के आहे. हा हिशेब स्पर्धेनंतर झाला.

स्पर्धेचा दिवस

सात फेऱ्या होत्या. यादी वेळेत दिली, पत्त्यांची नावे आणि संख्या दोघांनी वाचून पडताळल्या. स्लीव्ह नवे होते. या बाबतीत तक्रारीला जागा नव्हती.

पहिली फेरी रेजिंग बोल्टविरुद्ध, दोन डावांत जिंकली. तिसरीत रेजिड्रॅगो समोर आला आणि सगळी मेहनत वसूल झाली. पहिल्या डावात मनाफी लवकर बेंचवर आला. समोरच्याने ट्रायफ्रॉस्टचा बेत सोडून फँटम डाइव्हची वाट धरली, आणि डस्कनॉइर-चारिझार्डच्या जोडीने दोन रेजिड्रॅगो पाठोपाठ गेले. दुसऱ्यातही फार वेगळे घडले नाही. चौथीत लुगिया, पराभव, ठरल्याप्रमाणे. पाचवीत आयर्न थॉर्न्स ईएक्स होता, जो अ‍ॅक्टिव्ह असेपर्यंत नियमचौकट (ईएक्स, व्ही अशा पत्त्यांवर छापलेला खास नियम) असलेल्या पोकेमॉनच्या क्षमता बंद पाडतो. ‘फ्यूचर’ गटातले पोकेमॉन तेवढे सुटतात. चारिझार्डची एनर्जी आणि पिजिऑटचा शोध, दोन्ही ठप्प. डस्कनॉइरला मात्र नियमचौकट नाही, त्यामुळे त्याचा स्फोट चालूच राहिला. हा फायदा यादी करताना कोणाच्या डोक्यात नव्हता, अनायासे मिळाला. सातवी फेरीही जिंकली.

उरल्या दुसरी आणि सहावी.

दुसऱ्या फेरीत गार्डेव्हॉइर ईएक्स होता. पहिल्या डावात तिच्या दोन चारमँडर लवकर बाद झाल्या, पिजिऑट आला तोवर समोरच्याचे दोनच प्राइज उरले होते. डाव गेल्यात जमा होता. ती तरीही खेळत राहिली. मागून येऊन डाव फिरवणे हीच या डेकची ओळख, त्यामुळे हार मानायला हात धजावत नाही. तो डाव हरायला अर्ध्याहून जास्त वेळ गेला. दुसरा तिने जिंकला. तिसरा सुरू झाला आणि वेळ संपली. चालू चाल आणि त्यानंतरच्या तीन चालींत कोणाचाच निकाल लागला नाही. बरोबरी.

सहावी फेरी चारिझार्ड विरुद्ध चारिझार्ड. पहिला डाव तिने जिंकला, लांबला तरी जिंकला. इथे नियमातली एक खाच आहे: एक डाव खिशात असताना दुसरा वेळेअभावी अपूर्ण राहिला तर फेरी आघाडीवरच्याची होते. म्हणून घड्याळ तिच्या बाजूने होते. पण मुद्दाम रेंगाळणे नियमबाह्य आहे, आणि तसे करण्याचा तिचा स्वभावही नाही. दुसरा डाव ती नेहमीच्या गतीने खेळली आणि शेवटच्या मिनिटांत हरली. तिसऱ्याचे पत्ते वाटून होतात तोच वेळ संपली. पुन्हा बरोबरी.

टेबलाशेजारून मला जे दिसले ते असे. पिजिऑटचा शोध लावताना ती दर वेळी अख्खा डेक पाहत होती. डावातल्या पहिल्या शोधात तर सहा प्राइज कोणते हे ओळखायला ती बराच वेळ घेई, कारण अकरा एकेरी पत्ते एकेक करून डोळ्यांनी टिपावे लागत. चार प्रतींचा पत्ता असेल तर तीन दिसले की पुढे जाता येते. एकेरी पत्ता दिसला नाही तर तो खरोखर नाही की नजरेतून सुटला, हे पुन्हा पाहावे लागते. समोरचा कुरकुरला नाही, पंच आले नाहीत. गती नियमात बसणारी होती. पण 50 मिनिटांत तीन डाव म्हणजे मांडणी आणि पिसणे धरून डावाला सोळा-सतरा मिनिटे. ती त्यात बसत नव्हती.

निकाल

4 विजय, 1 पराभव, 2 बरोबऱ्या: 14 गुण. वरच्या आठांत जागा मिळाली नाही. पाच जिंकून दोन हरणाऱ्याचे 15 होतात. म्हणजे सात फेऱ्यांत एकदाच हरूनही ती दोनदा हरलेल्यांच्या मागे राहिली. तीन-एक-शून्य या गुणपद्धतीत बरोबरी म्हणजे अर्धा विजय नव्हे. ती पराभवाच्या खूप जवळची असते. सर्वांना हे पाठ असते, पण डेक निवडताना कोणी ते मोजत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला डाव सोडण्याची रेघ आधी आखता आली असती. नंतर गटाने तिच्यासाठी एक ठोकताळा ठरवला: पहिल्या डावात पिजिऑट नसताना समोरच्याचे दोनच प्राइज उरले आणि वीस मिनिटे उलटली असतील, तर पत्ते गोळा करायचे. काही जिंकता येण्याजोगे डाव त्यात जातील. दुसऱ्या फेरीपुरते बोलायचे तर एका हरलेल्या डावाच्या लांबणीने तिचा तिसरा डाव खाल्ला.

यादीत एकेरी पत्ते कमी करता आले असते. डिफायन्स बँड आणि ल्युमिनियन यांच्याविना चालले असते, असे माझे मत. त्या जागी चौथा आयोनो आणि आणखी एक नेस्ट बॉल, म्हणजे आधीच असलेल्या पत्त्यांच्या वाढीव प्रती. ती ल्युमिनियनवर ठाम आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे सपोर्टर शोधून देणारा पत्ता वेळ वाचवतो, खात नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

सरावात घड्याळ नव्हते, ही बाब मात्र निर्विवाद आहे. आम्ही सुटे डाव खेळत होतो, पूर्ण फेऱ्या नाही. कोणता पत्ता का हरला याची टिपणे होती. डाव किती मिनिटे चालला याची एकही नाही. आता गट 50 मिनिटे लावून पूर्ण फेऱ्या खेळतो, आणि प्राइज ओळखण्याचा सराव वेगळा करतो: डेक पिसायचा, सहा बाजूला ठेवायचे, उरलेला चाळायचा आणि कोणते सहा ते सांगायचे. तिची यादी ठरावीक क्रमाने तपासण्याची पद्धतही बसली आहे. आधी डस्कनॉइर, सुपर रॉड आणि मनाफी, मग फायर एनर्जी मोजायच्या, बाकीचे दुसऱ्या शोधात.

राहिला रेजिंग बोल्टचा पर्याय. ज्याने तो सुचवला होता तो आता म्हणतो की त्या डेकने दोन्ही बरोबऱ्या टळल्या असत्या. टळल्या असत्या, कदाचित. पण तिसऱ्या फेरीतला रेजिड्रॅगो तिने बोल्टने हरवला असता का, याबद्दल मला शंका आहे, आणि पाचवीत डस्कनॉइर हाताशी नसता. नंतर एप्रिल 2025 च्या रोटेशनमध्ये एफ खुणेचे पत्ते बाद झाले. मनाफी, रोटॉम व्ही, ल्युमिनियन व्ही आणि फॉरेस्ट सील स्टोन एकदमच यादीतून गेले, आणि तिचे एकेरी पत्ते अकरावरून सातवर आले. ल्युमिनियनचा वाद आम्ही त्यानंतरही घालतो.